परतावा कोणाच्या खिशातून?

पैसे गुंतवा, परतावा घ्या आणि समाजाचं भलंही करा. असं सांगायला कोणी आलं की बहुतेक जण विचारतात, 'किती टक्के?' चुकीचा प्रश्न. आधी विचारा, 'कोणाकडून?'

कारण परतावा आभाळातून पडत नाही. कोणीतरी तो भरतं. सरकार भरेल, एखादा दाता भरेल, शहरातला ग्राहक भरेल, नाहीतर जिच्या भल्यासाठी ही सगळी योजना आखली ती बाईच भरेल. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तिचा हसरा फोटो असतो. ती किती व्याज भरते, हे मात्र शोधावं लागतं.

या प्रकाराला इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग म्हणतात. समाजाच्या उपयोगी पडणाऱ्या धंद्यात पैसे घालायचे, उपयोग किती झाला ते मोजायचं आणि मुद्दल नफ्यासह परत घ्यायचं. हे नाव २००७ साली इटलीत, बेलाजिओला, रॉकफेलर फाउंडेशनने बोलावलेल्या बैठकीत रुळलं. या क्षेत्राच्या जागतिक संघटनेच्या २०२४च्या अंदाजानुसार असा १.५७ लाख कोटी डॉलर पैसा जगभरात गुंतलेला आहे.

काम मात्र नावापेक्षा कितीतरी जुनं आहे.

१९५९ साली गिरगावात सात बायका गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. त्यातून लिज्जत उभं राहिलं. नफा कोणाला? लाटणाऱ्या बहिणींना.

त्याच्या दहाएक वर्षं आधी लोणीच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी भाग घेतले, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि प्रवरेचा सहकारी साखर कारखाना झाला. परिणामाचा रंगीत अहवाल त्या भागधारकांना कोणी पाठवला नाही. उसाला मिळणारा दर हाच अहवाल होता आणि तो प्रत्येकाला वाचता येत होता.

१९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या दारात उभं केलं. कर्ज मिळालं, सावकार सुटला. सरकारी बँकेचा पैसा, सरकारने ठरवलेला दर आणि घेणारीच्या हातात स्वतःचा धंदा. गुंतवणूक याहून वेगळी काय असते?

या तिन्ही ठिकाणी पैसा कुठून आला आणि नफा कुठे गेला, हे एका वाक्यात सांगता येतं. हीच पहिली परीक्षा. ज्या योजनेचं असं एक वाक्य होत नाही, तिथे थांबा.

आता दुसरी बाजू बघा. २०१०चा ऑगस्ट. एसकेएस मायक्रोफायनान्स ही हैदराबादची कंपनी शेअर बाजारात आली. गरीब बायकांना छोटी, बिनतारण कर्जं देणारी कंपनी. शेअरचा भाव ९८५ रुपये, मागणी उपलब्ध शेअरच्या दहापटीहून जास्त. गरिबीवर उपाय आणि भरघोस नफा, दोन्ही एकाच छताखाली सापडल्याचा आनंद गुंतवणूकदारांनी साजरा केला.

तो तीन महिनेही टिकला नाही.

त्याच ऑक्टोबरमध्ये आंध्र प्रदेश सरकारने अध्यादेश काढला. गावागावांत एकेका बाईच्या डोक्यावर तीन-तीन, चार-चार संस्थांची कर्जं चढली होती. एकीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज, दुसरीचा भरायला तिसरीचं. वसुलीवाले दारात बसत होते. आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. अध्यादेशानंतर राज्यातली वसुली कोसळली. ९९ टक्के परतफेड हा ज्या धंद्याचा अभिमान होता, तिथे आंध्रात ती दहा टक्क्यांच्या आसपास आली. २०१२मध्ये एसकेएसचा शेअर शंभराच्या खाली होता.

यात खलनायक शोधायची घाई नको. हे सगळं सुरू झालं तेव्हा हेतू चांगलाच होता. बँका ज्यांना दारात उभं करत नव्हत्या, त्यांच्यापर्यंत कर्ज पोहोचलं होतं. मग बिघडलं कुठे? पैसा ज्या वेगाने आला, त्या वेगाने गरजू मिळत नव्हते. गुंतवणूकदाराला दर तिमाहीला वाढ हवी. वाढ म्हणजे आणखी कर्जं. नवी कर्जदार सापडेना, म्हणून जुनीलाच दुसरं कर्ज.

आणि दरवेळी ती 'लाभार्थी' म्हणून नव्याने मोजली गेली.

व्याज किती होतं? पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात. खेड्यात जाऊन दोन-पाच हजारांचं कर्ज देणं, दर आठवड्याला वसूल करणं महाग पडतं, हे खरं. कमी व्याजात हा धंदा चालत नाही, हेही बरंचसं खरं. पण बचत गटात बसलेल्या कोणत्याही ताईंना विचारा. गटातल्या गटात कर्ज देताना बहुतेक गट महिना दोन टक्के घेतात. वर्षाला तेही चोवीसच होतात. मग गटाविरुद्ध कोणी मोर्चा का काढत नाही?

कारण ते व्याज गटाच्याच पेटीत पडतं आणि वर्षअखेरीला त्याच बायकांमध्ये वाटलं जातं. दर तोच, दिशा वेगळी.

सगळी मेख या दिशेत आहे. म्हणून टक्केवारीवरून योजना चांगली-वाईट ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. दहा टक्के घेणारी संस्था तो पैसा गावाबाहेर नेत असेल आणि चोवीस घेणारी तो गावातच फिरवत असेल, तर गरिबाच्या बाजूने कोण आहे?

आंध्रनंतर या धंद्याचा अभ्यास करायला मालेगम समिती बसली. रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म कर्जाच्या व्याजाला कमाल मर्यादा घातली. एप्रिल २०२२पासून ती मर्यादा निघाली, दर ठरवायचं संस्थांवर सोपवलं गेलं. ऑक्टोबर २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेलाच चार वित्तसंस्थांना नवी कर्जं द्यायला मनाई करावी लागली. कारणांत अवाच्या सवा व्याज होतं. चारपैकी दोन संस्था सूक्ष्म कर्जाच्या धंद्यातल्या. काही महिन्यांत बंदी उठली.

धडा किती वर्षं लक्षात राहतो? चौदा पुरत नाहीत.

एक चांगली गोष्ट मात्र २०२२च्या नियमांत आहे. सूक्ष्म कर्जाचा किमान, कमाल आणि सरासरी व्याजदर संस्थेने शाखेत आणि संकेतस्थळावर ठळकपणे लावायचा. अशा संस्थेत थेट किंवा फंडातून पैसे घालायचे असतील, तर आधी हा तक्ता पाहा. त्यातल्या कमाल दराने तुम्ही स्वतः कर्ज काढलं असतं का? नसतं, तर तिने का काढावं, याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

मग नफा घ्यायचाच नाही का? घ्यावा की! नफ्याशिवाय चाललेली कामं दात्याचा मूड बदलला की बंद पडतात. फक्त नफा देणारा हात कोणता, ते बघून घ्या.

राजस्थानातल्या भिलवाड्याचं उदाहरण घ्या. २०१५ ते २०१८. शाळेबाहेरच्या मुली शाळेत आणायच्या आणि मुलांना खरंच शिकवायचं, हे काम एज्युकेट गर्ल्स या संस्थेचं. त्यासाठी २ लाख ७० हजार डॉलर यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने आधी घातले. उद्दिष्ट गाठलं तर हे पैसे परताव्यासह चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशन देणार, नाही गाठलं तर बुडाले. तपासणी तिसऱ्याच संस्थेकडे. दुसऱ्या वर्षाअखेरीस शिकण्याची प्रगती फारच मागे होती. पोरं वर्गात का मागे पडतात, कोण रोज गैरहजर असतं, हे संस्थेने बारकाईने शोधलं, पद्धत बदलली आणि तिसऱ्या वर्षी प्रगतीने उडी घेतली. पटनोंदणी उद्दिष्टाच्या ११६ टक्के, शिकणं १६० टक्के. गुंतवणूकदाराला वार्षिक १५ टक्के परतावा.

त्या मुलींनी त्यात एक पैसा भरला नाही.

इथेही एक बोच आहे. मोजमाप, वकील, करार यांवर खर्च मोठा होतो. सात-साडेसात हजार मुलांसाठी ही यंत्रणा उभी करणं जमलं. सात लाखांसाठी जमेल का? प्रश्न रास्त आहे. पण 'आम्ही इतक्या हजारांपर्यंत पोहोचलो' असं म्हणून हात झटकणाऱ्या अहवालांपेक्षा हे शंभर पटींनी प्रामाणिक. इथे अपयश आलं असतं तर ते दिसलं असतं आणि त्याची किंमत पैसे घालणाऱ्याने मोजली असती.

मुंबईतली '१२९८' रुग्णवाहिका आठवते? २००५मध्ये सुरू झालेली. तिचं दरपत्रक फार हुशार होतं. उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही. कुठे न्यायचं, एवढंच विचारायचं. खासगी रुग्णालयात जाणारा पूर्ण भाडं देई, सरकारी रुग्णालयात जाणारा कमी आणि अपघातग्रस्ताला फुकट. श्रीमंताच्या भाड्यातून गरिबाचं भाडं निघत असे. अक्युमेन या परदेशी संस्थेने त्यात पैसे घातले, कारण खिसा कोणाचा याचं उत्तर दरपत्रकातच होतं. पुढे कंपनी सरकारी '१०८'च्या कंत्राटांकडे वळली आणि राजस्थानातल्या कंत्राटावरून सीबीआयची चौकशीही मागे लागली.

एकदा चांगलं ठरलेलं दरवर्षी नव्याने तपासावं लागतं, ते यासाठी.

नाशिकजवळ मोहाडीची सह्याद्री फार्म्स बघा. द्राक्षं, टोमॅटो पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची कंपनी, विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. २०२२मध्ये युरोपातल्या चार गुंतवणूकदारांनी मिळून ३१० कोटी रुपये घातले. पण शेतकरी उत्पादक कंपनीत उत्पादक नसलेल्याला भागधारक होताच येत नाही. कायदाच तसा आहे. म्हणून पैसा आला तो प्रक्रिया आणि विक्री बघणाऱ्या उपकंपनीत. मूळ कंपनी शेतकऱ्यांची ती शेतकऱ्यांचीच. हा कायदा करणाऱ्यांना आपण कधी धन्यवाद दिले नाहीत. द्यायला हवेत. भांडवल आत आलं आणि मालक बाहेर पडला, असं निदान मूळ कंपनीत होऊ शकत नाही.

आता तुमच्याकडे वळू. तुम्ही काही युरोपातला फंड नाही. हातात लाख-दोन लाख आहेत, मनात चांगलं करायची इच्छा आहे. सुरुवात कुठून?

आहे त्या पैशापासून. तुमची मुदत ठेव आज कुठे आहे? त्या बँकेने ते पैसे कोणाला कर्जाऊ दिलेत? तुम्ही आजही गुंतवणूकदार आहातच, फक्त विचारत नाही.

साताऱ्यात म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक आहे, १९९७पासूनची. चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन परवाना मागितला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो आधी नाकारला. प्रवर्तक बायका निरक्षर, अर्जावर अंगठे. बायका अक्षरं गिरवायला बसल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. बाजारात बसणाऱ्या, शेळ्या राखणाऱ्या बायकांना तिथे कर्ज मिळतं. अशा बँकेतली ठेव ही गुंतवणूकच. त्यासाठी परिषदेला जावं लागत नाही.

पण थांबा. कोणत्याही बँकेत माणशी पाच लाखांपर्यंतच ठेवीला विमा आहे, व्याज धरून. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा अजिबात नाही. 'आपल्या माणसांची संस्था', 'गावाच्या विकासासाठी', 'दोन टक्के जास्त' ही तीन वाक्यं एकत्र ऐकली की खिशावर हात ठेवा. बीडच्या मल्टिस्टेट पतसंस्थेत पैसे अडकलेल्या ठेवीदारांना विचारा, आपली माणसं नंतर कुठे भेटतात.

समाजकार्याच्या नावाला हिशेबातून सूट नसते. परदेशातही नाही. दुबईच्या अब्राज समूहाने गरीब देशांत रुग्णालयं उभारायला एक अब्ज डॉलरचा निधी जमवला होता. गेट्स फाउंडेशनसारखे शहाणे गुंतवणूकदार त्यात होते. त्यांनी एक दिवस विचारलं, आमचे पैसे नेमके कुठे आहेत? नीट उत्तर मिळेना. २०१८मध्ये अख्खा समूह कोसळला.

गेट्स फाउंडेशनला विचारावं लागलं. तुम्ही विचारायला संकोचता कशाला?

पुढचा दरवाजा म्युच्युअल फंडांचा. पर्यावरण, समाज आणि कारभार बघून शेअर निवडणारे फंड, ज्यांना बाजारात ईएसजी म्हणतात. इथे एक गल्लत सर्रास होते. तुम्ही बाजारातून एखाद्या चांगल्या कंपनीचा शेअर घेता, तेव्हा पैसे कंपनीला मिळत नाहीत. शेअर विकणाऱ्याला मिळतात. त्या कंपनीच्या कारखान्यातलं सांडपाणी तुमच्या खरेदीने एक थेंबही कमी होत नाही.

आणि मानांकनं? सिगारेटच्या धंद्यात देशात सर्वांत मोठ्या असलेल्या आयटीसीला एमएससीआयचं वरच्या श्रेणीतलं 'एए' मिळालेलं आहे. यात लबाडी नाही. ते मानांकन कंपनीमुळे जगाला किती त्रास होतो हे मोजतच नाही. जगातल्या बदलांमुळे कंपनीला किती धोका आहे, ते मोजतं. ज्याला हे ठाऊक नाही, तो फुप्फुसांची काळजी म्हणून त्यात पैसे घालेल.

जर्मनीत डीडब्ल्यूएस या फंड कंपनीवर २०२२मध्ये पोलिसांनी छापा घातला. आपण गुंतवणुकीत पर्यावरण किती बघतो, याचे दावे फुगवल्याचा आरोप होता. पुढच्या वर्षी अमेरिकी नियामकाने १.९ कोटी डॉलर दंड केला. भारतात सेबीने २०२३मध्ये या फंडांचे नियम कडक केले, ८० टक्के पैसा सांगितलेल्या विषयातच हवा असं बजावलं. बरं झालं. तरी अशा फंडाला नीट निवडलेला शेअर फंड समजा. समाजसेवा समजू नका.

सरकारी हरित रोखे? जानेवारी-फेब्रुवारी २०२३मध्ये केंद्राने पहिल्यांदा १६ हजार कोटींचे काढले. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून सामान्य माणसालाही सरकारी रोखे घेता येतात. सुरक्षित, सोपं, पैसा सौरऊर्जा आणि मेट्रोसारख्या कामांना. अडचण एकच. सरकार ते कर्ज तुमच्याविनाही काढणारच होतं. तुमच्या पैशाने नवं काय झालं?

हा दुसरा प्रश्न वहीत लिहून ठेवा. माझा पैसा नसता तर हे काम अडलं असतं का? जिथे बँक आनंदाने कर्ज देते, तिथे तुमची गरज नाही. जिथे कोणीच देत नाही, तिथे आहे. पण कोणीच का देत नाही, याचीही चौकशी हवी. कधी बँका आंधळ्या असतात, कधी कल्पनाच आंधळी असते.

आता सोशल स्टॉक एक्स्चेंज. जुलै २०१९च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, २०२२मध्ये सेबीचे नियम आले आणि डिसेंबर २०२३मध्ये बंगळूरूच्या उन्नती फाउंडेशनचे पहिले रोखे सूचीबद्ध झाले. तरुणांना नोकरीसाठी तयार करणारी संस्था, जमा झाले १ कोटी ८० लाख. हे सगळं 'झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल' नावाच्या रोख्यातून.

व्याज शून्य. मुद्दल शून्य. म्हणजे देणगी.

देणगी द्यायला माझी ना नाही, भरभरून द्या. पण डीमॅट खात्यात दिसते म्हणून तिला गुंतवणूक समजू नका. या बाजाराचा खरा फायदा वेगळा आहे. पैसे घेणाऱ्या संस्थेला काय करणार हे आधी लिहून द्यावं लागतं, नंतर काय झालं ते सांगावं लागतं आणि बाहेरच्या मूल्यांकनकाराकडून तपासून घ्यावं लागतं. लग्नाच्या वाढदिवसाला भावनेच्या भरात पाठवलेल्या चेकपेक्षा हे बरं. किमान रक्कम आधी दोन लाख होती, मग दहा हजार झाली, २०२५मध्ये एक हजारावर आली. आता सबब उरली नाही.

त्रुटीही बघा. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी, आदल्या वर्षाचा खर्च पन्नास लाख हवा. मेळघाटात किंवा माणमध्ये दोन खोल्यांत काम करणारी संस्था त्यात बसणार नाही. जिला पैशांची सर्वांत जास्त निकड, तीच दाराबाहेर. अशी संस्था तुमच्या ओळखीची असेल तर तिच्याकडे स्वतः जा, ताळेबंद मागा आणि थेट पैसे द्या. बाजाराची वाट कशाला बघायची?

मुद्दल परत हवंय आणि थेट गरजूलाच द्यायचंय, तर माणसाने माणसाला कर्ज देण्याचे परवानाधारक मंच आहेत. २००८मध्ये सुरू झालेलं 'रंग दे' हे त्यातलं समाजकार्याकडे झुकलेलं. शेतकरी, कारागीर, बचत गट यांना कमी व्याजाची कर्जं. एका कर्जदाराला एका माणसाकडून जास्तीत जास्त पन्नास हजार, सगळ्या मंचांवर मिळून एका माणसाचे एकूण पन्नास लाख, अशी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. मंचाला हमी देता येत नाही. काही मंच हे 'मुदत ठेवीसारखं, हवं तेव्हा काढा' म्हणून विकू लागले, तेव्हा ऑगस्ट २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेने लगाम आवळला. पैसे बुडू शकतात. पाऊस पडला नाही तर शेतकरी कुठून देणार? इथे घाला ते बुडालं तरी चालेल एवढंच आणि बुडालं तर त्याच्या दारात वसुलीवाला पाठवू नका.

शेवटी मोठे फंड. आविष्कारसारखे, २००१पासून याच कामात असलेले. पण पर्यायी गुंतवणूक निधीत किमान रक्कम सहसा एक कोटी. वाचकांपैकी फार थोड्यांना हे दार उघडेल. ज्यांना उघडेल त्यांनी चकचकीत अहवालातला 'लाभार्थी' हा रकाना काढून टाकून उरलेला वाचावा. नळ किती बसले हे नको, त्यांना फेब्रुवारीनंतर पाणी येतं का ते हवं. प्रशिक्षण किती जणांना दिलं हे नको, वर्षभराने त्यातले किती जण नोकरीत टिकले ते हवं. आणि हे काम नसलेल्या शेजारच्या गावात त्याच काळात काय झालं, तेही हवं. भिलवाड्यात शिकण्याची तुलना अशीच केली होती. म्हणून तिथल्या १६० टक्क्यांवर विश्वास ठेवता येतो.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. बाहेर पडायचं कसं? फंडाची मुदत असते, बहुधा दहा वर्षांच्या आसपास. मुदत संपली की हिस्सा विकावाच लागतो. डिसेंबर २०२३मध्ये ओमिद्यार नेटवर्क इंडियाने वर्षभरात गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. त्यांच्या पैशावर उभ्या असलेल्या भारतीय कंपन्यांना आणि संस्थांना नवा पाठीराखा शोधणं भाग पडलं. चांगला गुंतवणूकदार गेला की त्याच्या जागी येणाराही चांगलाच असेल, असं कोणत्या करारात लिहिलेलं असतं?

तेव्हा पैसे घालताना हे विचारा. पाच-सात वर्षांनी माझा हिस्सा कोण घेणार? ज्यांच्यासाठी काम चाललंय त्या शेतकऱ्यांना, कामगारांना, कर्जदार बायकांना तो घ्यायचा पहिला हक्क आहे का? आणि घ्यायला त्यांच्याकडे पैसे नसतील, तर त्यासाठी नफ्यातून आजपासून काही बाजूला पडतंय का? फंडाचा माणूस म्हणेल, चांगला प्रश्न आहे, नंतर कळवतो.

लेखी कळवायला सांगा. तोवर चेक फाडू नका.